सातवा नमुना

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात आमच्या प्रयोगशाळेत पाय ठेवायला जागा नसते. एप्रिलअखेरच्या खरड छाटणीला पंचेचाळीस दिवस होत आलेले असतात आणि पिंपळगावच्या चारही बाजूंचे द्राक्षवाले पानांचे देठ घेऊन येतात. आम्ही ते धुतो, वाळवतो, दळतो, आम्लात विरघळवतो आणि यंत्रावर लावतो. पोटॅश किती, मॅग्नेशियम किती, झिंक किती, ते कागदावर छापून देतो. शेतकरी त्याप्रमाणे खत सोडतो. नाशिकच्या इंदिरानगरहून रोज बसने येऊन मी अकरा वर्षे हे काम करते आहे. आलेल्या प्रत्येकाला मी आधी विचारते की देठ कितव्या पानाचा आहे. पाचव्या पानाऐवजी कोवळ्या शेंड्याचा आणला, तर यंत्र अचूक आकडा देते आणि तो आकडा त्या बागेच्या काही कामाचा नसतो.

गोरक्ष दर वर्षी सहा पिशव्या आणतो. त्याचे प्लॉट सहाच आहेत, मी पाहिलेले आहेत. या वर्षी सात पिशव्या होत्या. सातवीवर बॉलपेनने ‘प्लॉट ७’ लिहिले होते आणि आत अर्ध्या ग्रॅमहून कमी पांढरी पूड होती.

मी फोन केला. तो दुसऱ्या दिवशी आला आणि वजनकाट्यासमोरच्या स्टुलावर टेकला.

“गोरक्षभाऊ, हे देठ नाहीत.”

“नाहीतच.”

“मग काय आहे?”

त्याने दाराबाहेर रांगेत बसलेल्या माणसांकडे पाहिले. “घरच्यांची गोळी हाय. चार गोळ्या. वरवंट्यानं बारीक केल्या.”

त्याच्या बायकोचे, सुवर्णाताईंचे, आतड्याच्या कॅन्सरचे ऑपरेशन मार्चमध्ये झाले होते, एवढे मला ठाऊक होते. पुढचे त्याने सांगितले. नाशिकच्या हॉस्पिटलात दर तीन आठवड्यांनी सलाइनमधून औषध जाते, असे आठ वेळा. तीन झाले होते. पहिल्या सलाइनपासून त्यांना गार काही धरता येत नव्हते. माठातल्या पाण्याचा तांब्या हातात घेतला की विजेचा झटका बसावा तसे होई. तिसऱ्यानंतर बोटांच्या टोकांना मुंग्या आल्या, त्या गेल्याच नाहीत. तिथल्या डॉक्टर उज्वलांनी सुरुवातीलाच सांगितले होते की हे औषध गाठींबरोबर नसाही धरते. काहींचे हात वर्षानुवर्षे बधिर राहतात.

“त्याच्यावर म्हणं एक गोळी हाय, मॅग्नेशियमची. तिनं नसा वाचत्यात का, ते त्यांना बघायचंय. निम्म्या लोकांना खरी गोळी, निम्म्यांना नुसती. कुणाला कुठली, ते डॉक्टरीण बाईंनासुद्धा ठाऊक नाय. चिठ्ठ्या मुंबईला.”

“आणि ताईंनी सही केली.”

“केली की. बाई समजावून सांगत व्हत्या, मी म्हटलं, मला नका सांगू, मी दर साली हेच करतो. नवं औषध आलं की एक ओळ कोरी सोडायची. नाय तर कळणार कसं, मण्यांची फुगवण औषधानं आली का हवेनं?” तो हसला आणि लगेच थांबला. “पण ती ओळ द्राक्षाची असती, मॅडम. माझी बायको कोऱ्या ओळीत हाय का, ते मला कळाया नको?”

“त्यांना माहीत आहे का, तुम्ही गोळ्या आणल्याचं?”

“नाय. बाटलीतून चार कमी झाल्या तर सांडल्या म्हणीन.”

मी त्याला सांगितले की हे मी करणे बरोबर नाही. अशा चाचणीत कोणालाच काही माहीत नसण्याला कारण असते. खरी गोळी मिळते आहे असे वाटले की माणसाला बरे वाटू लागते, नाही असे वाटले की तो दुसरे काहीतरी शोधतो. त्याने सगळे ऐकून घेतले.

“तुम्ही तिला कलम करताना पाहिलंय,” तो म्हणाला.

पाहिले होते. दोन वर्षांपूर्वी पालखेडच्या वाटेवरच्या त्यांच्या रोपवाटिकेत मातीचा नमुना घ्यायला गेले होते. सुवर्णाताई पोत्यावर बसून पाचर कलम करत होत्या. खालच्या खुंटाला चीर द्यायची, वरच्या काडीला पाचरीसारखा दोन्हीकडून काप द्यायचा, ती चिरेत बसवायची आणि पट्टी गुंडाळायची. सालीच्या आतला हिरवा पदर दोन्हीकडचा एकमेकाला भिडला तरच कलम जगते. तो पदर कागदाहून पातळ असतो. त्या माझ्याशी बोलत होत्या, नजर रस्त्यावर होती आणि अंगठा सांध्यावरून एकदा वरून खाली जात होता. मग पट्टी. शंभरात पंच्याण्णव जगतात, असे गोरक्ष लोकांना सांगे. सबंध तालुक्यातून त्यांच्याकडे रोपे मागायला लोक येत, ते त्या अंगठ्यामुळे.

“सप्टेंबरात कलमं हायती,” तो म्हणाला. “ती म्हणती, केस गेले तर जाऊ द्या, जेवण नाय गेलं तरी चालंल. बोटं तेवढी ठेवा. डॉक्टरला पण तेच म्हटली. मला फक्त कळू द्या, मॅडम. मी कुणाला बोलणार नाय.”

त्या दिवशी यंत्र मॅग्नेशियमसाठीच लावलेले होते. त्याच्या सहा नमुन्यांच्या मागे मी सातवा लावला. आकडा आला तो नगण्य होता. गोळी साच्याला चिकटू नये म्हणून तिच्यात जी भुकटी घालतात, तिच्यात थोडे मॅग्नेशियम असते. जवळपास कुठल्याही गोळीत एवढे सापडेल. मी पुन्हा एकदा मोजले. तेवढेच आले.

मी कागद छापला नाही. तो आल्यावर तोंडी सांगितले. “औषध म्हणून द्यावं एवढं मॅग्नेशियम यात नाही.”

“म्हंजी कोरी.”

“या पुडीपुरतं, हो.”

तो बराच वेळ सहा प्लॉटांचे कागद दुमडत बसला. मग म्हणाला, “आपण ठिबकातून सोडतो ते मॅग्नेशियम सल्फेट. ते आन् हे एकच का?”

“मॅग्नेशियम सगळीकडे एकच असतं. पण शेतीचं पोतं माणसासाठी नसतं. त्यात दुसरं काय असेल सांगता येत नाही. मात्राही वेगळी. आणि केमो चालू असताना डॉक्टरांना न विचारता ताईंना काहीही द्यायचं नाही. हे तुम्हाला वाटत असेल तर सरळ त्यांच्याकडे जा आणि चाचणीतून बाहेर काढा म्हणा. ते काढतात.”

“नाय नाय. सहज विचारलं.”

मी पूर्ण उत्तर दिले होते. त्यातले पहिले वाक्य देण्याची गरज नव्हती, हे मला नंतर समजले.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात सकाळी साडेदहाला त्याचा फोन आला. मी आम्लाच्या कपाटापाशी होते, हातमोजे काढून फोन घेतला.

“मॅडम, मॅग्नेशियम जास्त झालं तर वेलीला काय होतं?”

“पोटॅश आणि कॅल्शियम उचलत नाही. पानाच्या कडा करपतात. कुठला प्लॉट?”

मी लिहून घ्यायला पेन उचलले.

“गोरक्षभाऊ, कुठला प्लॉट?”

“बारीक मीठ असतं तसंच दिसतं ते. पाण्यात लगेच विरघळतं. नवी पिशवी फोडली व्हती, जुन्यातलं नाय दिलं.”

“किती?”

“चमचा. सकाळी एक, संध्याकाळी एक. लिंबाच्या सरबतात. तिला म्हटलं, वैद्याचं चूर्ण हाय.”

“किती दिवस?”

“सोळा. जुलाब तर केमोनं व्हतेच, मला वाटलं त्याचेच. कालपासून लय झोपती. हाक मारली तर डोळं उघडती, पण पापणी वर ठरत नाय. बोलणं जड हाय. लघवीला नाय गेली.”

“आत्ता गाडीत घाला. नाशिकला न्या आणि दारातच सांगा, मॅग्नेशियम सल्फेट दिलं म्हणून. चमचा आणि दिवस, दोन्ही सांगा.”

“तसं सांगितलं तर केमो बंद करतील. नाव काढतील तिचं. मी जुलाब झाले म्हणतो, ते सलाइन लावतील—”

“तुम्ही सांगितलं नाही तर त्यांचं हृदय थांबेल.”

फोन कट झाला. तो सांगेल की नाही याची मला खात्री नव्हती. मी हॉस्पिटलला फोन लावला, डॉक्टर उज्वलांच्या खोलीतल्या बाईंना नाव आणि आकडे दिले, ते परत वाचून घेतले, आणि महामार्गावर येऊन मिळाला त्या टेम्पोत बसले.

ते माझ्यानंतर वीस मिनिटांनी पोचले. सुवर्णाताईंना वैष्णवीने मागच्या सीटवर धरले होते. वैष्णवी त्यांची मुलगी, बारावीत आहे. स्ट्रेचरवर घेताना ताईंचा हात खाली लोंबला, तो कोणी उचलेपर्यंत तसाच राहिला. गोरक्ष दारात उभ्या असलेल्या डॉक्टरांना म्हणाला, “मॅग्नेशियम सल्फेट.” मग दोन्ही आकडे सांगितले. मी सांगायची वेळ आली नाही.

रक्तातले मॅग्नेशियम असायला हवे त्याच्या तिपटीहून जास्त होते. जुलाबांनी अंगातले पाणी गेले होते, त्यामुळे मूत्रपिंडे मंदावली होती, आणि ती मंदावल्यामुळे मॅग्नेशियम बाहेर पडत नव्हते. त्यांना कॅल्शियमचे इंजेक्शन दिले, सलाइन लावले आणि दुपारी डायलिसिसवर घेतले.

चारच्या सुमारास डॉक्टर उज्वलांनी आम्हा तिघांना आत बोलावले. साधारण माझ्याच वयाच्या, आवाज न चढवणाऱ्या बाई. मी काय केले ते मी आधीच लिहून त्यांच्या टेबलावर ठेवले होते: तारीख, वजन, पद्धत, आकडा.

“अंगात एकूण किती गेलं हे कळायला हवं होतं, म्हणून मुंबईहून यांची चिठ्ठी उघडून घेतली,” त्या म्हणाल्या. “यांना खरी गोळी चालू होती. पहिल्या दिवसापासून.”

गोरक्षने माझ्याकडे पाहिले. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. हिशेब चुकलेल्या माणसासारखा तो फक्त माझ्याकडून काही येण्याची वाट पाहत होता.

“मी दोनदा मोजलं,” मी म्हणाले. “त्यात नव्हतं.”

“बाटली आमचीच होती?” डॉक्टरांनी त्याला विचारले.

“तुमचीच. कागद चिकटवलेली. दाबून फिरवायचं टोपण.”

“ते टोपण आईला फिरवता येत नाही,” वैष्णवी म्हणाली.

ती भिंतीला टेकून उभी होती. आम्ही तिघांनी मान वळवली.

“बोटांत जोरच लागत नाही तिच्या. ह्या गोळ्या दिवसातून तीनदा असतात आणि दुपारी घरी कोणी नसतं. म्हणून तिनं त्या माझ्याकडून थायरॉईडच्या बाटलीत ओतून घेतल्या, तिचं टोपण साधं आहे. आणि थायरॉईडच्या ह्या बाटलीत. ती एकच असते, सकाळी. मी कॉलेजला जायच्या आधी काढून देते तिला.” तिने बापाकडे पाहिले. “पप्पा, तुम्ही मला विचारायचं ना.”

गोरक्षने टोपी काढून मांडीवर ठेवली.

“तुम्ही यांना विचारलं नाही का, गोळी कुठून काढली, दिसायला कशी होती?” डॉक्टर मला म्हणाल्या.

“नाही.”

“रोज लोकांना विचारत असाल.”

“हो.”

त्यांनी माझा कागद फाइलमध्ये ठेवला. पुढे बोलताना त्या वैष्णवीकडे पाहत होत्या. आई वाचेल. मूत्रपिंडे बहुतेक सावरतील. पण मूत्रपिंडांना एकदा मार बसल्यावर नसा धरणारे ते औषध आता पुन्हा देता येणार नाही. उरलेले उपचार एकट्या केमोच्या गोळ्यांवर होतील, आणि ते कमी पडले का हे दोन वर्षांनी कळेल. चाचणीतून नाव काढावे लागेल.

“मग हात तरी वाचतील,” गोरक्ष म्हणाला. “ते औषधच बंद झालं म्हटल्यावर.”

“या औषधाचं तसं नसतं. बंद केल्यावरही काही महिने नसा बिघडत राहतात. चारच सलाइनं झाली आहेत, त्यामुळे कदाचित कमी बिघडतील. मला वचन देता येत नाही.”

सुवर्णाताई अकरा दिवसांनी घरी गेल्या. गोरक्षने त्यांना सगळे स्वतः सांगितले, असे वैष्णवीने मला फोनवर कळवले. आई काय म्हणाली, असे मी विचारले. “काहीच नाही. सरबताची बरणी धुऊन पालथी घातली.”

सप्टेंबरच्या मध्यावर मी रोपवाटिकेत गेले. कोणी बोलावले नव्हते. शेडनेटखाली काळ्या पिशव्यांत खुंट ओळीने लावलेले होते आणि पोत्यावर सुवर्णाताई बसल्या होत्या, निम्म्या झाल्यासारख्या. शेजारी कुसाबाई. ही त्यांच्याकडे बारा वर्षे पिशव्या भरायला आणि पट्टी गुंडाळायला आहे, कलम तिने कधी केले नव्हते. गोरक्ष पलीकडे पाण्याचा पाइप धरून उभा होता. मला पाहून त्याने मान हलवली आणि पाइप घेऊन लांबच्या ओळीला गेला.

“या मॅडम,” सुवर्णाताई म्हणाल्या. “बसा. पोतं वलं हाय, बघून.”

त्यांनी रबरी मोजा काढून मला हात दाखवला. वरून हातात काहीच दिसत नव्हते.

“मुंग्या बंद झाल्या,” त्या म्हणाल्या. “लोक म्हणत्यात, बरं झालं. मुंग्या व्हत्या तवा निदान बोट हाय असं वाटायचं.”

त्यांनी एक खुंट घेतला. चीर सरळ गेली, पाचरीचा काप स्वच्छ आला, कारण तो डोळ्यांनी होतो. काडी बसवली आणि अंगठा सांध्यावर ठेवला. तो तिथेच राहिला. मग पिशवी उचलून त्यांनी तो सांधा खालच्या ओठाला लावला, हळूच फिरवला, काडी किंचित सरकवली आणि पुन्हा लावला.

“ताई, काड्या बुरशीनाशकात बुडवलेल्या असतात.”

“असू द्या. आता आणिक काय व्हायचं राहिलंय?”

कुसाबाई हसली. “सकाळधरनं असंच चाललंय बघा. मुके घेती कलमांचे. नवरा जळंल म्हटलं.”

“जळू दे,” सुवर्णाताई म्हणाल्या. मग थोड्या वेळाने, “ओठानं हुतं, पण दिसाला चाळीस. पट्टी तर आपली आपल्याला बांधताच येत नाय, सुटती. आठ हजार खुंट हायती.”

त्यांनी चाकू पुसला आणि माझ्याकडे न बघता विचारले, “त्या गोळीनं राहिली असती का माझी बोटं? इमानदारीनं सांगा.”

“माहीत नाही. चाचणी अजून चालू आहे. डॉक्टर म्हणतात, आधी इंजेक्शननं करून पाहिलं होतं तेव्हा फरक पडला नव्हता. गोळीनंही न पडण्याचीच शक्यता जास्त.”

“म्हंजी ह्यांनी चमचा दिला नसता तरी गेलीच असती.”

“कदाचित. कदाचित थोडी राहिली असती. तुमच्या बाबतीत आता ते कळणार नाही.”

“आन् तुमच्या मशीनला?”

“त्यालाही नाही.”

त्यांनी मान हलवली. पलीकडे पाइपचे पाणी एकाच पिशवीत पडत होते, पिशवी भरून वाहू लागली तरी गोरक्षने पाइप हलवला नव्हता.

“ओ, कुठं बघताय,” त्यांनी हाक मारली. “ती रोपं कुजवाल.” पाणी पुढे सरकले.

मग त्या कुसाबाईकडे वळल्या आणि चाकू तिच्यापुढे धरला. “घे. आजपासून तू. मी काप करून देते, तू बसव.”

“मला नाय यायचं.”

“येतंय. काडी घाल चिरेत. आता एका बाजूची साल सालीला लाव. दोन्ही बाजू जमवायला जाऊ नको, खुंट जाड हाय. एकच.”

कुसाबाईने काडी घातली, डोळे बारीक केले. “लागली का?”

“मला काय विचारती? अंगठा फिरव. लागली की कळतं.”

कुसाबाईने अंगठा फिरवला. “कळतं म्हंजी? कसं लागतं?”

“अगं, कळतं म्हंजी...” सुवर्णाताईंनी तिच्या हातातली पिशवी घेतली. स्वतःचा अंगठा सांध्यावर ठेवला, वरून खाली नेला, परत वर नेला. त्यांचे डोळे मिटले होते. कुसाबाई त्यांच्या तोंडाकडे बघत वाट पाहत होती.

“सांग की, बाई.”

“थांब जरा,” सुवर्णाताई म्हणाल्या. “आठवते.”